जांभळं कापड

तीन महिने माझ्या दुकानात एकच रंग.
मशीनखाली जांभळी कातरण, बाकावर जांभळे तागे,
बायको म्हणते, तुझ्या भुवयांतसुद्धा धागे अडकलेत.
विजयाच्या मिरवणुकीसाठी शिवायचं सगळं,
मतदानाला अजून अकरा दिवस असताना.

आमच्या फाराफेनीत माणूस भेटला की विचारतात,
रात्र शांततेत गेली?
शांततेतच.
मुलंबाळं शांततेत?
शांततेतच.
भुईमूग निघाला?
निघाला, देवाची कृपा.
आणि त्याच सुरात, श्वाससुद्धा न बदलता,
कोण येणार?
तोच. दुसरा कोण.

घरात कुणी तापानं फणफणत असलं
तरी पहिल्या भेटीत शांततेतच म्हणायचं,
अशी आमची रीत.

राजधानीतून एक पोरगा आला वही घेऊन.
चहाच्या अड्ड्यावर त्यानं सगळ्यांना विचारलं.
पहिली किटली कडू, तिसरी गोड,
उत्तर तिन्ही वेळा तेच.
मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं :
शिंपी सांगेल, त्याला मापं ठाऊक.
मी म्हणालो, साठ वार जांभळं संपलं,
तपकिरीचा एक तागा आणला होता, त्यावर मांजर व्यालं.
सगळे हसले. पोरग्यानं लिहून घेतलं.
काळ्या दगडावरची रेघ म्हणून लिहून घेतलं असणार.

मतदानाच्या आदल्या दिवशी मालांगला हुकूम आला :
सायकलींच्या घंट्या काढून ठेव.
आमच्याकडे कागद नाही, शिक्का नाही.
हातात एक गोटी देतात, पडद्याआड रंगवलेली पिंपं.
गोटी आत पडली की घंटी वाजते, एकदाच,
बाहेरच्या साहेबाला कळावं, एक माणूस झाला.
रस्त्यावर उगाच कुणी टिणटिण केली तर घोटाळा.
मालांगनं दूध पावडरच्या डब्यात घंट्या भरल्या, बेचाळीस.
मी विचारलं, कोण येणार?
तो डब्याचं झाकण दाबत राहिला.

पडद्याआड थंड होतं.
मुठीत गोटी घामानं निसटायला लागली.
लहानपणी मी नेम धरून दुसऱ्याची गोटी उडवायचो,
इथे नेम लागतच नाही, भोक समोर असतं.
माझ्या अंगावर जांभळा सदरा, खिशावर माझीच शिवण.
मी गोटी तपकिरी पिंपात टाकली.
टिण.
कुठल्याही पिंपातली टिण सारखीच.
बाहेर आलो तेव्हा कपाळ पुसत कुणाला तरी म्हणालो,
तोच येणार.

संध्याकाळी पिंपं उलटी केली.
भुशासकट गोट्या घरंगळल्या,
दोनशे खळग्यांच्या लाकडी ताटात बसू लागल्या.
जांभळ्याचं एक ताट भरलं, दुसरं निम्म्यावर थांबलं.
तपकिरीचं एक. दोन. तीन.
चौथं ताट मागवायला माणूस धावला
तेव्हा खोलीत कुणी ओरडलं नाही.
जो तो शेजाऱ्याकडे बघत होता,
चोरी करताना वाटेत दुसरा चोर भेटावा तसा.
न्यिमा दार्बो, चार मुलींचे जांभळे झगे माझ्याकडून नेलेली,
तिनं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, मी तिच्या ओढणीकडे.
तू? ती ओठांनीच म्हणाली.
मी खोकलो.

तीन महिने आम्ही एकमेकांना विचारत होतो, कोण येणार.
तुला कोण हवाय, हे विचारायला
फक्त ते पिंप होतं.

देशाचा निकाल अजून यायचा आहे.
रेडिओत खरखर, मध्येच कोरा, मध्येच बातम्या.
अड्ड्यावर मात्र सकाळपासून सगळे म्हणतायत,
मी तर आधीपासूनच सांगत होतो.
न्यिमा झगे परत घेऊन आलीय,
जांभळ्यावर गडद रंग चढतो का विचारते.
चढतो, मी म्हणतो, पण उन्हात खालचा दिसतो.
थोडं थांब, दुपारच्या बातम्यांपर्यंत.

समोर मालांग डबा उघडून बसलाय.
एका पोराच्या हँडलला घंटी लावली, बोल्ट आवळला,
पोरानं अंगठ्यानं सहज दाबून पाहिली,
आणि अख्खी गल्ली मान वळवून
बघायला लागली.