कोपऱ्यातली सही

दिमोना म्हणे वाळवंटात आहे.
मी फार तर कसाऱ्यापर्यंत गेलोय.
पण तिथल्या दफनभूमीत सतरा दगडांवर
माझं अक्षर आहे.

सुरुवात दिघोरकरांपासून.
टेंभी नाक्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
पाटी मी रंगवली होती, निळ्यावर पिवळी.
म्हणाले, दहा वाजून दहा सगळेच काढतात,
तू पावणेचार काढ,
तेव्हा माझा चहा येतो.

ते तिकडे गेले, तिकडेच वारले.
मुलाचा फोन आला: हिब्रू इथले लोक कोरतील,
मराठी कोण लिहिणार?
भालू, तू काढून पाठव,
बाबा तुझ्या 'घ'वर खूश असायचे.

तोवर फ्लेक्स आला होता.
माझे ब्रश रॉकेलच्या डब्यात
कडक होऊन बसलेले.
त्यांना उठवायला दोन दिवस लागले.

मग एकेक येत गेले.
एलोजी नवगावकर, फुटबॉलचे पंच,
कळव्याच्या पोरांनी ज्यांना एकदा
मासुंद्यात टाकलं होतं,
बाहेर आले ते शिट्टी तोंडात धरूनच
आणि पेनल्टी दिली.
रिबकाबाई चिंचोलकर,
मलिद्याचे पोहे किती भिजवायचे
ह्यावर शेवटचा शब्द त्यांचा.
त्यांच्या दगडावर नुसतं नाव आहे.
बाकीचं कसं लिहावं
घरात कुणाला सुचेना.

मोठी माणसं. म्हणजे आमच्या चार गल्ल्यांत.
तिकडे कोणी पोती शिवली, कोणी रात्रपाळी केली,
नाव विचारायचे ते फक्त हजेरीला.

दगड कोरणारा रोमानियाचा आहे.
त्याला मराठी हे चित्रच.
घोसाळकरांचा 'ळ' त्याने
चक्क आडवा आठ कोरला.
मी दुसरा कागद नाही पाठवला.
'ळ' तसा आडवा आठच आहे,
थोडा दम लागलेला.

मागच्या महिन्यात झिपोरा सिस्टर.
सिव्हिलच्या. निम्मी चरई त्यांच्या हातावर जन्मली,
माझे दोन्ही मुलगे धरून.
घरचे म्हणाले, 'परिचारिका' लिहू नका,
'सुईण' लिहा, त्यांनीच सांगून ठेवलंय.
'सुईण'चा 'ई' मी तीनदा काढला.
हात आता कापतो.

परवा फोटो आला.
नाव ठीक. 'ई' ठीक.
आणि खाली, उजव्या कोपऱ्यात,
अंगठ्याएवढं:
भालू पेंटर, चरई, ठाणे.

चाळीस वर्षांची खोड.
पाटी झाली की कोपऱ्यात सही.
पेन्सिलीने झाली असेल, खोडायची राहिली,
आणि त्या भल्या माणसाने
तीही कोरली, तेवढीच खोल,
एक रेघ इकडची तिकडे न करता.

मला घाम फुटला.
म्हटलं, दगडाचे पैसे मी भरतो,
जमतील तसे, पण भरतो.
पलीकडे त्यांची नात,
मराठी बोलते मोजून,
दातांखाली खडा आल्यासारखी:
राहू दे ना काका.
आजी सगळ्यांना सांगायची,
हा माझ्या हातचा, तो माझ्या हातचा.
आता दगड सांगतो, मी कोणाच्या हातचा.

तिथे फुलं ठेवत नाहीत. खडा ठेवतात.
दुसऱ्या फोटोत एक होता,
माझ्या 'ठा'च्या जरा वर.

इथे गोखले रोडवर माझी एकच पाटी उरली होती,
ब्लाउज आणि पिको-फॉलची.
दिवाळीत शटर बदललं, ती गेली.
नाहीतरी आपल्याकडचा पावसाळा
अक्षरं चार वर्षांत खातो.
तिथे म्हणे पाऊस पडला
तर लोक घराबाहेर येऊन बघतात.

आमच्यात दगड नसतो.
जवाहरबागेत एक पावती मिळते,
नाव, वय, वेळ,
बॉलपेनने लिहिलेली,
अक्षर बहुतेक वाईट.