पाकिटं

मांडीच्या हाडालाही मान असते,
आणि मानेवर डोकं.
आउनेंची मान मोडली सौनाच्या पायरीवर,
हातात बर्चच्या लाकडांची मोळी,
नोव्हेंबरात, दुपारी तीनलाच अंधारलं होतं तेव्हा.
हिल्यांची त्याच रात्री,
मांजरापुढे वाटी सरकवताना.

कायानीच्या इस्पितळात दोघी शेजारच्या खाटांवर.
दोघींचा एकेक पाय आखडलेला, बाहेर वळलेला,
जणू उरलेलं अंग सोडून
दाराकडे निघालेला.

डॉक्टर लेहतोवारा खुर्ची ओढून बसले.
दोन वाटा आहेत, म्हणाले.
तुमचंच हाड ठेवायचं, स्क्रूंनी आवळून,
नाहीतर डोकं काढायचं आणि धातूचं बसवायचं.
यातली बरी कुठली?
मला ठाऊक नाही. म्हणून तर विचारतोय.

एकतीस वर्षं नर्स आहे मी इथे.
डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य
इतकं सरळ कधी ऐकलं नव्हतं.

पाकिटं माझ्या कपाटात असत,
जाड, दिव्यासमोर धरली तरी मुकी.
आउनेंना स्क्रू निघाले, हिल्यांना धातू.
सटवी कपाळावर लिहिते म्हणे;
इथे अनुक्रमांकही होता.

पुढे माझं काम फोनचं.
मोजे स्वतः घालता?
दुकानापर्यंत जाता? काठी लागते?
दुखणं, शून्य ते दहा?

हिल्या तिसऱ्या दिवशी चालल्या,
वॉकरला शिव्या हासडत.
आउनेंचे स्क्रू मार्चमध्ये सरकले.
हाडाच्या डोक्याचं रक्तच आटलं होतं.
पुन्हा भूल, पुन्हा टेबल, शेवटी धातूच.
माझ्या तक्त्यात एक चौकट काळी झाली.

बाराव्या महिन्यात हिल्यांचा फोन वाजत राहिला,
मग मुलाने उचलला.
ऑगस्टात गेली, झोपेत. खुबा उत्तम होता.
मी लिहिलं:
दुसरी शस्त्रक्रिया, नाही.

आउनेंनी पहिल्याच घंटीला उचलला.
मोजे? नातू घालतो, टाच पावलावर आणून.
दुखणं?
चार. नको, पाच लिहा,
चार म्हटलं की तुम्ही उगाच खूश होता.
मग त्यांनीच विचारलं:
सौनाच्या वरच्या बाकावर चढता येतं का,
हे नाही का तुमच्या कागदावर?
नाही, मी म्हटलं.
येत नाही, त्या म्हणाल्या.
खाली बसते मी.
वाफ वरच्या वर जाते.

निकाल आला दोन वर्षांनी.
धातू बरा, फेरशस्त्रक्रिया निम्म्याहून कमी.
लेहतोवारांनी सगळ्यांना कॉफी पाजली,
आणि मीही प्यायले, आनंदानेच;
पुढच्या आउनेचा मार्च तरी वाचेल.

कपाटात अकरा पाकिटं उरली आहेत.
फाडून टाका, म्हणाले ते.
रोज कपाट उघडते,
हातमोजे काढते, पट्ट्या काढते,
आणि पाकिटं
जरा मागे सरकवते.