पुरावा क्रमांक सात

वनहक्क समितीचा सचिव म्हणून
माझ्याकडे एक यंत्र आहे, तळहाताएवढं.
त्याला आकाश दिसावं लागतं.
ऐनाच्या दाटीत ते गप्प बसतं.

पुढे कौशीबाई हलामी चालतात, अनवाणी.
कक्ष क्रमांक त्यांना ठाऊक नाही.
ही टेंभराची टेकडी, म्हणतात,
हा नाला, उन्हाळ्यात इथले खेकडे खोल जातात,
तो उभा दगड माह्या सासूचा,
अन् या मोहाखाली
दुसऱ्या पोरीची नाळ.

मी लिहितो: अक्षांश, रेखांश.
नाळेपाशी पेन थांबतो.

मग तार लागली.
पलीकडे रोपवन: सागाच्या रांगा,
शाळेतल्या पोरांसारख्या, हात मागे बांधून.
फलकावर वाघ. खाली, वन वाचवा.
कौशीबाईंनी फलक वाचला नाही.
तारेत गुंतलेली पळसवेल तेवढी सोडवली
आणि वळल्या.

संध्याकाळी गोटुलात कागद मोजले.
निस्तार पत्रक, झेरॉक्सची झेरॉक्स.
म्हाताऱ्यांचे जबाब, अंगठ्यांसकट.
धरून सहा.
साहेब म्हणाले होते, एखादा
सरकारी शिक्क्याचा असता तर.

बाई उठल्या. घरातून
आढ्याला टांगलेला तुंबा घेऊन आल्या.
राखेत मुरवलेल्या बियाण्यात कोपरापर्यंत हात,
आणि बाहेर एक पावती,
घड्यांवर फाटत आलेली.
"कोणाले दाखवली नाही गा.
चोरीचा कागद आहे.
पोराच्या लग्नात तुंबाच
शेजारणीकडे नेऊन ठेवला होता."

मी मोठ्यानं वाचलं.
वनगुन्हा. आरोपी, कौशी भ्र. झुरू हलामी.
कक्ष क्रमांक, तोच.
माल, जळाऊ मोळी एक.
हत्यार, कोयता एक, जप्त.
दंड रुपये अकरा.
शिक्का, सही, जानेवारी सत्याऐंशी.

कुणी बोललं नाही.
मग कोपऱ्यातून सैनू तुलावी हसला,
आणि हसू ओट्यावरून खाली अंगणात गेलं.
त्यांनीच लिहून दिलं होतं,
शिक्क्यानिशी,
की ही बाई इथे होती.

कोपऱ्यात मी आकडा टाकला: सात.
कौशीबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या.
रिकाम्या तुंब्यात बघत म्हणाल्या,
"मंग आता माहा कोयता
देतील का गा वापस?
मूठ धावड्याची होती.
घरच्यानं केली होती."

अर्ज मी पुन्हा पहिल्यापासून चाळला,
मागच्या कोऱ्या बाजूपर्यंत.