बारीक रेघ

हातात बॅटरी, पिशवीत खडू
आणि अळीनाशकाची अर्धी बाटली.
पाचव्या गल्लीत शिरले की दारं आधी मिटतात,
मग ओळखीनं उघडतात.
“पुन्हा आलीस व्हय गं? परवाच तर बघून गेलीस.”
परवा न्हाई वैनी, आठवडा झाला.
डासाला तेवढाच लागतो.

हौद. बॅरल. फ्रिजमागचा ट्रे.
कूलरची टाकी, उन्हाळा सरला तरी भरलेली.
नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, म्हणून घर साठवतं;
घर साठवतं, म्हणून मी येते;
मी ‘ओता’ म्हणते, आणि इंदुबाई कोष्टी
अशी बघते, जणू तापलेलं दूध सांडायला सांगितलंय.

भिंतीवर खडूनं लिहिते :
तारीख, भांडी किती, दूषित किती.
पाऊस ते पुसतो. मी परत लिहिते.

पण सातव्या घरापासून बाराव्यापर्यंत
भांड्यांचा दोष नाही.
तिथं अंगणाखालीच पाणी आहे.
फरशीवर पाय दिला की सांध्यातून वर येतं,
काळ्या मातीचा घाम.
मुलाण्यांची शबाना तापली,
मग ऐवळ्यांचा थोरला,
मग पुन्हा शबाना.
मी वहीत ठिपके देत गेले
तर त्यांची ओळ झाली, वाकडी,
गल्लीच्या सरळपणाला न जुमानणारी.

बाराव्या घरात पद्माण्णा आवटी.
नगररचनेत ट्रेसर होते,
तीस वर्षं सांगलीच्या रस्त्यांवर शाई फिरवली.
आता साखर वाढलीय, डॉक्टर म्हणतात रोज तासभर चाला.
खाली उघडं गटार, गटारावर फळी, फळीवर कुणाची तरी गाडी.
म्हणून गच्चीवर चालतात.
जाताना बावीस पावलं, येताना एकवीस.
“एक कुठं सांडतं, कळत नाही बघ.”

वहीतली ओळ त्यांनी पाहिली
आणि काही न बोलता कपाटावरची सुरळी काढली.
कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधलं गाव शाबूत.
एक हिरवा तुकडा : बगीचा, आरक्षित.
तिथं आज मंगल कार्यालय आहे,
मागच्या महिन्यात मी तिथं जिलेबी खाऊन आले.
आणि एक निळी रेघ,
सातव्या घरातून शिरून बाराव्याकडे निघालेली.
ओढा.

“साहेब म्हणाले, आवटी, रेघ जरा बारीक करा.
केली. हात चांगला होता माझा.
पुढच्या नकाशाला म्हणाले, तुटक करा.
तिसऱ्या वेळी कुणी काही म्हणालंच नाही.
फक्की मारून गुंठे पडले होते.
एक स्वस्तात मिळत होता. मी घेतला.”

ओढ्याला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

मी काय बोलणार?
माझं काम भांडी बघायचं.
तुळशीच्या कुंडीखालची बशी ओढली,
बॅटरी मारली :
अळ्या, इवल्या, वळवळत्या,
तुटक रेघ कुणी पाण्यात सोडून दिल्यासारख्या.
पद्माण्णांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घालायचं विसरले.

बशी ओतायची कुठं?
गल्ली तर आधीच भरलेली.
“वर चल,” म्हणाले, “आज ऊन आहे.”
तापल्या स्लॅबवर पाणी पसरलं
आणि बघता बघता कडेनं सुकत आलं.
ते चालायला लागले. सोबत मीही, उगीच.
जाताना बावीस.
येताना मी नीट मोजली.