आज्जाचा काठ

मुचंडी बाईंनी ठिपक्यांचं चित्र दाखवलं,
आम्हाला सगळ्यांना आत पाचाचा आकडा दिसला.
इराप्पाला नुसते ठिपके.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
"आईचे वडील काय करायचे रे?"

माग चालवायचे, वडगावात. भरमाण्णा.
शहापूरच्या सावकारानं एकदा त्यांची अर्धी मजुरी कापली:
डाळिंबी काठ सांगितला होता,
आज्जानं चार लुगडी हिरव्या काठाची विणली.
घरात अजून म्हणतात, प्याला होता.

बाईंनी फळ्यावर काढलं
एक्स, एक्स. शेजारी एक्स, वाय.
आज्जाकडे एक्स एकच,
तांबड्या-हिरव्याची गाठ सुटलेला.
लेकीला तोच द्यायचा, दुसरा होता कुठं?
आईजवळ मात्र आज्जीचाही एक. त्यानं निभावून नेलं,
तिला डाळिंबी डाळिंबीच दिसत आलं.
इराप्पाच्या वेळी हात गेला तो नेमका आज्जाच्या कांडीवर.

मी वहीत माझी चौकट आखली.
दोन घरं. एकात आज्जा, एकात नाही.
मी कुठल्या घरात, ते ठिपके सांगत नाहीत.
मला पाच दिसतो, तरीही.

संध्याकाळी आईला सांगितलं.
भाकरी थापायची थांबली ती.
"म्हंजे पिऊन नव्हता?"
"नव्हता."
पिठाच्या हातानंच ट्रंक उघडली.
तळाशी एक लुगडं, सावकारानं तोंडावर फेकलेलं,
हिरव्यागार काठाचं.

"इराप्पा, काठ कसला रे ह्याचा?"
त्यानं दिव्याखाली धरून नीट बघितलं.
"डाळिंबी," म्हणाला.