नंतर

किट आलं एकसष्टच्या हिवाळ्यात,
सरोवर गोठून बोटी बंद झाल्यावर, मालगाडीनं.
वेइक्कोनं जेवणाचं टेबल तीन आठवडे अडवलं.
पुस्तिकेतली एकेक पायरी पुरी झाली
की शेजारच्या चौकोनात पेन्सिलीची खूण.
एकशे अठ्ठावीस खुणा.
फक्त एकोणनव्वदाव्या पायरीशी
समासात, आमच्या फिनिशमध्ये, एक शब्द:
नंतर.

एकोणनव्वद म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर.
कंपनीनं तिथं हात राखला होता.
व्हॉल्व्ह चांगले, कपॅसिटर बरे, रंग तर झकास,
लोखंड मात्र मुठीत मावेल एवढं.
खर्ज आला की ते गुदमरायचं.
आडात होतं सगळं;
पोहराच लहान.

नंतरच्या आधी बरंच काही आलं.
दोन मुली, छपराची गळती, धान्याच्या गोदामातला संप,
वेइक्कोचा गुडघा, मग वेइक्कोचं हृदय.

एकाहत्तराव्या वर्षी मी विनिपेगला पत्र टाकलं,
ओरेस्त ह्लुश्को यांना. ते अजून हातानं वेटोळी गुंडाळतात.
त्यांनी पैशांचं विचारलं नाही.
विचारलं, तुमचा पत्रा किती वजन पेलेल?
पुढं लिहिलं: एक थर इकडचा, एक थर तिकडचा,
असे अकरा थर, आणि प्रत्येक दोहोंमध्ये कागद.
कागद!
गिरणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं
मी कागदाची जाडी चिमटीनं ओळखली.
कुठला वापरता, म्हणून उलट टपाली विचारलं.
त्यांनी तुकडा पाठवला. मी होकार कळवला.

फेब्रुवारीत पार्सल आलं. साडेचार किलो.
टपाल कचेरीपासून घसरगाडीवर ओढत आणलं.
बर्टीला वाटलं मासे; म्हणाला, नशीब काढलंस.

जुनी भोकं जुळेनात.
नवी चार पाडली. जुनी तशीच दिसतात,
दिसू देत.
त्याआधी वायर काढून अर्धा तास बसले,
मग कपॅसिटर रेझिस्टरनं रिकामा केला.
बंद केलं तरी विजेला लगेच कळत नाही
बंद झालंय ते.

त्याचे डाग वितळवताना जरा जपून वितळवले.
घट्ट माणूस; तारेला तीन वेढे,
जिथं एक पुरला असता.

निळी इथं, तपकिरी तिथं, लाल मध्ये.
बटण दाबलं
आणि अँप किंचाळला.
असा, की नाप्पी टेबलाखाली, आणि मीही जवळजवळ तिथंच.
झटकन बंद केला.
कारण साधं होतं, ह्लुश्कोंनी लिहिलंही होतं शेवटच्या ओळीत,
मी चष्मा न लावता वाचलेल्या:
थोडा आवाज मागं वळून येतो, चूक दाखवायला.
तारा उलट लागल्या
तर तोच चुकीला शाबासकी देतो.
मला अशी माणसं माहीत आहेत.

पुन्हा अर्धा तास. पुन्हा रेझिस्टर.
निळी तिथं. तपकिरी इथं.

मग चर्चच्या ऑर्गनची तबकडी लावली,
त्याची, कडेला ओरखडा असलेली.
आधी काहीच वेगळं वाटलं नाही.
जरा हिरमुसलेच. साडेचार किलो!
मग वादकानं पायाखालची ती लांब पट्टी दाबली असावी,
कारण मला काही ऐकू येण्याआधी
कपाटातले कप बोलू लागले.

चाळीस वर्षं हा सूर या घरात होता,
खोबणीत पडून.
मी उठून कपांखाली टीपकागद घातला
आणि बाजू पहिल्यापासून लावली.

पुस्तिकेतला तो शब्द खोडणार होते.
पेन्सिल सापडली नाही.
सापडली होती खरं तर.

जुन्या ट्रान्सफॉर्मरचं काय, म्हणून धाकटी फोनवर विचारत होती.
सौनाचं दार वाऱ्यानं आपटतं ना,
तिथं ठेवलाय.
तेवढं वजन त्याला झेपतं.