दहा मोजेपर्यंत

गंगापूर रोडच्या शाळेत भिंतीवर जिराफ होता.
फरशी इतकी चकचकीत की कृत्तिकाला
वरचा पंखा खाली दिसला,
ती त्याच्याभोवती फिरत राहिली.
मुख्याध्यापिका गोड बोलल्या.
'घेऊ की, का नाही घेणार!
फक्त सोबत बसायला मावशी तुमची तुम्ही आणा.
आणि गॅदरिंगच्या दिवशी... बघू.'
त्या 'बघू'पाशी अर्पणाने पर्स उचलली.

इंदिरानगरचं सेंटर बोगद्याच्या पलीकडे.
सहा मुलं, सहा खोल्या, पंचेचाळीस मिनिटं,
दाराला वहीएवढी काच.
बाहेर आम्ही आईबाप, चपला सांभाळायला बसवल्यासारखे.
एक जण सिन्नरहून येतात, आठवड्यातून चारदा.
'लवकर सुरू करा,' म्हणाले, 'आम्ही उशीर केला,'
इतकं हळू, की ते मला सांगत नसावेत.
फीचा कागद घडी करून खिशात ठेवला.
एबीबी सर्कलच्या लाल दिव्यावर
पगारातून तो वजा केला, दोनदा.
दोन्ही वेळा उत्तर तेच.

मी सातपूरला गेज लावतो.
व्हॉल्व्ह बसला तर पास, अडला तर लाल पेटीत.
अठरा वर्षं झाली.
घरी आलो की हात धुतो, कोपरापर्यंत.

रविवारी अर्पणाने वहीत मधोमध रेघ मारली.
डावीकडे शाळा, उजवीकडे घर.
डावीकडे: तिथे पन्नास मुलं एकदम ओरडतात.
उजवीकडे: घरी मिक्सर लागतो.
आणि खाली, बारीक अक्षरात:
आई म्हणतात, बोलेल गं, आमचा मन्या पण उशिराच बोलला.
कृत्तिकाने रेघेवर पेन ठेवलं,
त्याला लागून दुसरं, त्याला लागून चमचा.
रांग फ्रिजपर्यंत गेली.
वही तशीच उघडी राहिली रात्रभर,
रांग कोण मोडणार.

सिडकोत, पवननगरच्या बाजारामागे,
ढोकणेबाई दोन खोल्यांत बारा मुलं सांभाळतात.
पाटी नाही. जिराफ नाही.
कृत्तिका थेट टेबलाखाली, कानांवर हात.
बाई काही म्हणाल्या नाहीत.
परातीत मूग ओतले,
परात टेबलाखाली सरकवली
आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या
दुसऱ्या कुणाचा शेंबूड पुसत.
बऱ्याच वेळाने मुगांचा आवाज आला.
ऑटिझमचं त्यांना फारसं माहीत नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं.
'तुम्ही शिकवा मला. पण रोज एकच गोष्ट सांगा,
मी विसरते.'

तर आता असं:
तीन सकाळी परात,
दोन सकाळी बोगद्यापलीकडे, कर्ज न काढता एवढंच जमतं,
आणि शनिवारी घरी हेमांगी, स्कूटरच्या डिकीत साबणाचे फुगे घेऊन.
हेमांगी म्हणते, आयतं देऊ नका.
समोर धरा. थांबा. मनात दहा मोजा.

आम्ही आजवर तिच्या आधी धावलो,
तहानेच्या आधी पेला, रडण्याच्या आधी मोबाइल.
दहा हा केवढा लांब आकडा आहे
हे अठरा वर्षांच्या मोजमापात कळलं नव्हतं.
चारला अर्पणाचा श्वास ऐकू येतो.
सातला कृत्तिका माझ्या मनगटाकडे बघते,
पेल्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच.
कधी नवाला मीच हरतो, देऊन टाकतो.

बरोबर केलं का, ठाऊक नाही.
सिन्नरच्या त्या बाबांचा नंबर आहे. लावला नाही अजून.
ढोकणेबाईंच्या हाताने आखलेल्या फॉर्मात
'पालकांच्या अपेक्षा' असा रकाना होता.
अर्पणाने लिहिलं:
मूग तोंडात घालते. लक्ष ठेवा.

आज सात चाळीसला घंटागाडी आली.
कृत्तिका खिडकीशी, गजांना नाक लावून.
गाडीचा सूर ती गाडीच्या जराशी आधीच गुणगुणते, रोज.
मी बादली उचलली नाही.
दारात उभा राहिलो, मोजायला लागलो.
आठला
एक बोट बादलीच्या कडीला लागलं.

गाडी तोवर कोपऱ्यावरून वळली होती.
कचरा दिवसभर घरातच राहिला.